पस्तीस गुणांचा आठवडा

(दृश्य: सकाळ, सोलापूर. हार्ड कोर्टवर दोघी वॉर्म-अप करताहेत.)

डिसेंबरात सोलापूरला सकाळी स्वेटर लागतो, दुपारी पंखा. टेनिसपटूच्या बॅगेत चार-पाच रॅकेटी का असतात, ते या हवेत लगेच कळतं. सकाळी चेंडू जड येतो. बाराच्या उन्हात तोच चेंडू उसळतो आणि बेसलाइनबाहेर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपलीकडे, पडू लागतो. म्हणून एक रॅकेट 23 किलो ताणाची, तर दुसरी एक किलो जास्त घट्ट. पॉलिएस्टरचं गटिंग (रॅकेटच्या तारा) सहसा लवकर तुटत नाही, पण ताण मात्र पहिल्या दिवसापासूनच सोडतं. तुटलं नाही म्हणून आठवडाभर तेच वापरलं, की फटके लांब जातात. मग खेळाडू मनगट आवळून चेंडू आत ठेवू पाहते. कोपराची आणि मनगटाची कितीतरी दुखणी इथूनच सुरू होतात.

(दृश्य: ड्रॉचा, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा फलक.)

गेल्या काही वर्षांत सोलापुरात महिलांच्या आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा झाल्या. दूरदर्शनवर विम्बल्डन पाहणाऱ्यांना त्या लहान वाटतील, पण व्यावसायिक टेनिसची पायरी हीच. डब्ल्यू 15, डब्ल्यू 35, डब्ल्यू 50 या नावांतला आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे गुण. ग्रँड स्लॅम, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारीला 2000 गुण, आणि तिथे पहिल्याच फेरीत हरणारीलाही 10. इकडे डब्ल्यू 15 ची अंतिम फेरी गाठून हरलेलीलाही तेवढेच 10! ही दरी फक्त मेहनतीने भरत नाही. कुठला आठवडा कुठे खेळायचा, हे ठरवावं लागतं.

एकेरीच्या जागतिक क्रमवारीत नाव यायला किमान 3 स्पर्धांत गुण हवेत, नाहीतर एकूण 10. मिळालेले गुण 52 आठवडे टिकतात, मग गळतात. मागच्या डिसेंबरात 35 गुण मिळवलेली मुलगी या डिसेंबरात दुखापतीमुळे घरी असली, तरी ते जातातच. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतल्या 128 जागांपैकी 104 क्रमवारीवर भरतात. पात्रता फेरीत शिरायलाही साधारण 230 च्या आसपासचा क्रमांक लागतो.

(दृश्य: फोनवर प्रवेशाचा अर्ज.)

प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधी, गुरुवारी संपते. नाव काढायचं तर 13 दिवस आधीच्या मंगळवारपर्यंत. दोन्ही दिवशी भारतातली वेळ संध्याकाळी साडेसात. नवख्या मुली हमखास चुकतात ते या मंगळवारी. दोन ठिकाणी नाव देतात, एक काढायचं विसरतात आणि उशिराच्या माघारीची कारवाई ओढवून घेतात.

पैशाचं गणित कडक आहे. डब्ल्यू 35 ची एकूण बक्षीस रक्कम 30 हजार डॉलर, तीही एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. पहिल्या फेरीत हरलेलीच्या वाट्याला येतं त्यात सोबतच्या प्रशिक्षकाचा प्रवास आणि मुक्काम निघणं अवघड. म्हणून बऱ्याच मुली एकट्याच येतात. सरावाची जोडीदार कोर्टवरच शोधायची, फिजिओची वेळ कोर्टवरच मागायची.

आणि दुहेरी खेळायची. ती ओझं आहे असं समजणं ही आपल्याकडची जुनी चूक. सर्व्हिस, रिटर्न आणि नेटजवळचा खेळ तिथे घासला जातो, शिवाय एकेरीत लवकर हरलं तरी आठवडा वाया जात नाही. सानिया मिर्झा 2007 मध्ये एकेरीत 27 व्या क्रमांकावर होती. मग मनगटाची शस्त्रक्रिया झाली. पुढे तिने सगळं लक्ष दुहेरीवर दिलं, एप्रिल 2015 मध्ये ती जगात पहिली झाली आणि स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसबरोबर सलग 41 सामने जिंकली. तिच्या नावावर एकूण 6 ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत, तीन महिला दुहेरीची, तीन मिश्र दुहेरीची. पुण्याची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

(दृश्य: गुरुवार, संध्याकाळ. गटिंगचं मशीन.)

उपांत्यपूर्व सामना उद्या आहे. मशीनवर सोळा उभ्या तारा ओढून झाल्या, आता एकोणीस आडव्या विणल्या जाताहेत. शेजारी बसलेली खेळाडू फोनवर घड्याळ बघते. साडेसातला बारा मिनिटं कमी आहेत. 18 दिवसांनंतरच्या सोमवारचा अर्ज ती आत्ता भरते आहे.