छतावरचं ऊन, छतातलं पाणी

(दृश्य : पुण्याजवळचं एक गॅरेज. ट्रॅव्हलर गाडीच्या टपावर दोन माणसं. भर दुपार.)

पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. शून्य सावलीचा दिवस. आम्ही नेमका हाच मुहूर्त काढून गाडीच्या टपावर चढलोय. पत्र्याला हात लावायची सोय नाही. मिस्त्रीकाकांनी गुडघ्याखाली ओलं गोणपाट घेतलंय आणि मला दर दहा मिनिटांनी बजावतायत, "ताई, चप्पल काढू नका हां."

ही गाडी एके काळी प्रवासी ने-आण करायची. आता सीटांच्या जागी पलंग आहे, छोटा ओटा आहे, बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज आहे. टपावर दोनशे वॅटचे दोन सोलर पॅनल आहेत. आज ते आम्ही बसवत नाहीये. आधी काढतोय.

(दृश्य : स्क्रूड्रायव्हर. गंजलेला स्क्रू फिरताना. भोवती तपकिरी वर्तुळ.)

दोन वर्षांपूर्वी हे पॅनल एका गॅरेजमध्ये तासाभरात लागले होते. बारा भोकं, बारा स्क्रू, वरून सिलिकॉन. काम झकास दिसत होतं. पहिला थेंब जूनच्या शेवटी आला, तोही बरोब्बर उशीवर. मी उशीच्या वरची जागा शोधत बसले आणि तिथे काहीच नव्हतं. पाणी भोकातून आत शिरतं, पत्रा आणि आतल्या प्लायवूडच्या मधून वाट काढतं आणि दोन-तीन फूट लांब कुठेतरी प्रकट होतं. ऑगस्टपर्यंत प्लायला पोक आलं होतं.

पत्र्याला भोक पाडलं की त्याची कड उघडी पडते, तिथला रंग गेलेला असतो. गाडी हजार किलोमीटर थरथरते, स्क्रू त्या भोकात रोज थोडा थोडा हलतो, आणि सिलिकॉन रंगापासून सालीसारखं सुटतं. मग पावसाला आमंत्रणाची गरज उरत नाही.

म्हणून या वेळी एकही भोक पाडायचं नाही. पॅनल चिकटवायचे.

"गोंदावर?" काकांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं ती मला कॅमेऱ्यात पकडता आली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

त्यांची शंका रास्त आहे. एका पॅनलचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर. ताशी शंभर किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो भरतो. पन्नासच्या वेगाला तोच १२ किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. यातला किती जोर पॅनलला वर उचलतो हे त्याच्या बसण्यावर ठरतं, पण पुढच्या कडेखाली वारा शिरला तर पॅनल पतंगासारखा वागणार. महामार्गावर मागच्या गाडीच्या काचेवर दहा-बारा किलोची फ्रेम जाऊन आदळली तर काय होईल, ते सांगायला नको.

आता गोंदाची बाजू ऐका. बसच्या काचा ज्यानं चिकटवतात त्या जातीचं पॉलियुरेथेन, गॅरेजच्या भाषेत पीयू. चांगल्या प्रतीचं पीयू पूर्ण वाळल्यावर एका चौरस सेंटिमीटरला वीस किलोच्या पुढे ताण सोसतं. एवढी जागा तर एका नखाखाली मावते. फ्रेमला धरणाऱ्या आमच्या पट्ट्यांखाली प्रत्येक पॅनलला शेकडो चौरस सेंटिमीटर गोंद येणार आहे. म्हणजे हिशेबात वाऱ्याचा पत्ताच लागत नाही.

मग लोकांचे पॅनल उडतात कसे?

(दृश्य : काका नखानं टपावरचा रंग खरवडतात. पापुद्रा निघतो.)

असे. गोंद गाडीला चिकटत नाही, रंगाला चिकटतो. रंग प्रायमरला, प्रायमर पत्र्याला. आमच्या टपावर मूळ रंगावर कुणीतरी स्वस्तातला दुसरा हात मारलेला होता आणि तो नखानं निघत होता. त्यावर जगातलं महागडं पीयू लावलं असतं तरी पॅनल उडालाच असता, पापुद्र्यासकट. हे काकांनी दाखवलं, मी नाही. मी सगळं वाचून आले होते, त्यांनी फक्त नख लावलं.

दोन दिवस मग नुसता पॉलिश पेपर. जुनी बारा भोकं पत्र्याचे तुकडे लावून बुजवली, गंज घासून काढला, प्रायमर मारला, वर पक्का रंग, आणि तो रंग आठवडाभर कडक होऊ दिला. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला जुन्या सिलिकॉननं. त्याचा ओशट थर डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर काही म्हणजे काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही.

चिकटवतानाही एक गंमत आहे. पॅनलची फ्रेम ॲल्युमिनियमची, टप लोखंडी पत्र्याचा. उन्हात ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. दीड मीटर लांबीच्या फ्रेममध्ये पहाट आणि दुपार यांत पन्नास अंशांचा फरक पडला तर दोघांत पाऊण-एक मिलिमीटरची ओढाताण होते, रोज. एपॉक्सी, म्हणजे वाळून दगडासारखा कडक होणारा गोंद, अशा ओढाताणीत तडकतं. पीयू रबरासारखं ताणलं जातं, पण त्याचा थर जाड हवा. म्हणून पट्टीखाली तीन मिलिमीटरचे रबराचे तुकडे ठेवलेत, नाहीतर दाबल्यावर सगळा गोंद बाहेर येतो आणि आत कागदाएवढा उरतो.

(दृश्य : गनमधून काळ्या गोंदाच्या रेघा. रेघांमध्ये जागा सोडलेली.)

रेघा अशा सुट्या ओढल्यात त्यालाही कारण आहे. पीयू वाळतं ते हवेतल्या दमटपणानं. कडेकडून आत, दिवसाला तीन-चार मिलिमीटर. सलग थापलं तर मधला भाग आठवडाभर ओलाच राहील. मे महिन्याच्या कोरड्या हवेत आणखी हळू. पावसाळ्यात भराभर वाळलं असतं, पण ओल्या पत्र्यावर ते लावताच येत नाही. कात्रीत सापडण्याचा हा प्रकार आहे. आम्ही मे निवडला आणि दहा दिवस गाडी हलवली नाही.

"उद्या सकाळी घेऊन जा म्हणणारा दुसरा कुणी भेटला असता तुम्हाला," काका म्हणाले. भेटला होताच.

जर्मनीत, ब्रिटनमध्ये मोटरहोमचं, म्हणजे आमच्यासारख्या राहायच्या गाडीचं, छप्पर बहुधा फायबरग्लासचं किंवा ॲल्युमिनियमचं, तिथे चिकटवणं नेहमीचंच. अमेरिकेत बऱ्याच गाड्यांच्या लाकडी छतावर रबराची चादर असते. तिला गोंद लावला तर पॅनल चादरीलाच धरून राहणार, म्हणून तिथे स्क्रू मारून वरून फटी बुजवणारं सीलंट ओततात. तेव्हा परदेशी व्हिडिओ बघून काम करायचं तर आधी त्यांचं छप्पर कशाचं आहे ते बघा.

आणि त्यांचा सूर्यही वेगळा. डिसेंबरच्या अखेरीस बर्लिनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १४ अंश असतो, पुण्यात ४८. त्यांना पॅनल तिरपा उचलायचे पाय लागतात. आपल्याला ती कटकट नको, आडवा पॅनल चालतो. आपली अडचण ऊन जास्त असण्याची आहे. पॅनलवर लिहिलेले वॅट हे आतले सेल, म्हणजे वीज करणाऱ्या चकत्या, २५ अंशांवर असतानाचे. आत्ता इथे ते ६५ च्या पुढे असणार, आणि प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. म्हणजे तेरा-चौदा टक्के इथेच गेले. यासाठी पॅनलखाली दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळती ठेवायची. पातळ, वाकणारे पॅनल टपाला सपाट चिकटवतात त्यांना ही हवा मिळत नाही. दिसतात छान, पण मी घेणार नाही.

(दृश्य : पॅनलच्या कोपऱ्यावर ठेवलेली चप्पल. मीटरचा आकडा घसरतो.)

एक चप्पल. पॅनलचा विसावा भागही झाकलेला नाही आणि वीज निम्म्यावर. ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की ती अख्खी रांग अडते. आत बायपास डायोड असतात, ते अडलेल्या रांगेला वळसा घालून वीज पुढे नेतात, म्हणून निदान दुसरी अर्धी बाजू वाचते. टपावरच्या पंख्याची सावली दिवसभरात कुठून कुठे फिरते, हे गोंद लावायच्या आधी बघायचं. आम्ही खडूनं आखलं.

वायरिंग करताना काकांनी पॅनलवर गोधडी टाकली. पॅनलला बटण नसतं, ऊन पडलं की वीज आलीच. पॅनलची वीज बॅटरीला बेतानं देणाऱ्या कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज. बाकी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वायरच्या टोकांना नीट दाबलेली थिंबलं.

"एसी चालेल का यावर?" गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येकानं हे विचारलं. नाही. आमची शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. दीड टनाचा एसी ती तासाभरात रिकामी करेल. पंखा, दिवे, फ्रिज, फोन, बस. आणि हो, गाडीत बदल करताना मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा, आरटीओत आधी विचारून घ्या.

(दृश्य : ताम्हिणी घाट. जुलै. काचेवर पाऊस.)

तीन दिवस ऊन नाही. चारशे वॅटच्या पॅनलमधून दुपारी बारा वाजता ३८ वॅट येतायत. फ्रिज बंद केलाय, दूध पिऊन संपवलं. रात्री टॉर्च घेऊन छताची प्लाय चाचपली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

सकाळी काकांचा फोन.

"ताई, पाणी आलं?"

"नाही काका. कोरडं ठणठणीत."

"आणि वीज?"

"वीजही नाही."

काका बराच वेळ हसत होते.