कॅम्प : रान आणि छप्पर

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावात रिक्षावाल्याला ‘कॅम्पात’ एवढे सांगितले की पुरते. १८१८ साली इथला किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे त्यांच्या फौजेची जी वस्ती किल्ल्याजवळ वसली, तिचे हे नाव आपण सप्तमीचा प्रत्यय लावून केव्हाच आपले करून टाकले आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘काम्पुस’, म्हणजे मोकळे, सपाट रान. रोममध्ये मार्स या युद्धदेवाच्या नावाचे असे एक रान होते आणि तिथे तरुण लष्करी कसरती करीत. पुढे रानाचे नाव रानात उतरलेल्या फौजेच्या मुक्कामाला मिळाले, आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले. महाविद्यालयाचा ‘कॅम्पस’ हा तर मूळ लॅटिन शब्दच आहे. रानात झुंजायला उतरणारा तो ‘काम्पिओ’, आजचा ‘चॅम्पियन’. जत्रेतल्या कुस्त्यांना ‘मैदान’ म्हणणाऱ्या आणि जिंकणाऱ्याने ‘मैदान मारले’ असे सांगणाऱ्या आपल्या मुलखाला ही व्युत्पत्ती वेगळी समजावून द्यायला नको.

‘कॅम्पेन’ मला अधिक मोलाचा वाटतो. युरोपातल्या फौजा हिवाळा एका जागी काढून ऋतू पालटताच उघड्या मुलखात निघत, म्हणून त्या मुलखाच्या नावाचा अर्थ मोहीम असा झाला, आणि कालांतराने निवडणुकीचा प्रचारही त्यात आला. मराठ्यांच्या फौजांना मात्र थंडीने नव्हे, पावसाने अडवले. पावसाळ्यात त्या छावणी करीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. ‘छावणी’ हा शब्द ‘छावणे’ म्हणजे छप्पर शाकारणे यावरून आला आहे. इंग्रजी शब्दाने पायाखालची जमीन पाहिली, आपल्या शब्दाने डोक्यावरचे छप्पर पाहिले. आणि खानापूरकडचा आषाढ ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. जमिनीकडे पाहणारा ‘तळ’ हा शब्दही आपल्याकडे आहेच, पण तळ हलतो, छावणी चार महिने टिकते.

आता गावोगावी रक्तदानाचा कॅम्प असतो, डोळ्यांचा कॅम्प असतो. देवळाच्या मंडपात सतरंजीवर ओळीने बसलेल्या, डोळ्यांत औषधाचे थेंब घालून पापण्या मिटून घेतलेल्या वृद्धांमधली एक आजी शेजारणीला विचारते, “कॅम्प कवा सुटतोय गं?” तिच्या डोक्यावर मंडपाचे छप्पर असते, आणि तोंडी रोमच्या रानाचे नाव.