तिवर, चेर, तिमर

(बडोद्यातील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आपल्यापैकी बरेच जण कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला गेले असतील. पहाटे गाडी काढायची, जंबुसरला चहा घ्यायचा आणि ओहोटीची वेळ साधून देवळात पोचायचं. भरती आली की पिंडी पाण्याखाली जाते, पाणी उतरलं की पुन्हा दिसू लागते. लोक हात जोडतात आणि माघारी वळतात. माझा पाय मात्र तिथून निघत नाही, कारण माझं काम तिथे पसरलेल्या त्या राखाडी चिखलात आहे. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत जातो. म्हणजे दिवसातून दोनदा तीन मजली घराइतकं पाणी चढतं आणि उतरतं. जगात फार थोड्या किनाऱ्यांवर असं होतं आणि त्यातला एक आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे.

आता मला सांगा, बडोदा किनाऱ्यावरचं शहर आहे का? भूगोलाच्या पेपरात याचं उत्तर 'नाही' असं लिहावं लागेल. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची एक रेघ राहिली. घरच्यांनी रंगारी बोलावला, पण तेवढी रेघ मी पुसू दिली नाही. अजून आहे, बघायला या. पावागढच्या डोंगरात उगवलेलं ते पाणी आमच्या जिन्याखालून गेलं, पुढे ढाढर नदीला मिळालं आणि ढाढर आखाताला मिळते. समुद्राची पातळी वाढते आहे आणि पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळू लागला आहे. नदीचं मुख जितकं तुंबेल तितकी वरच्या गावांची चिंता वाढेल. म्हणून ढाढरच्या मुखाशी काय उगवतं आणि काय मरतं, हा बडोदेकरांचा प्रश्न आहे असं मी मानतो.

तिथे उगवतं ते तिवर, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं कांदळवनाचं झाड. कोकणातून आलेल्या मंडळींना हा शब्द माहीत आहे. कच्छ-सौराष्ट्रात त्यालाच चेर म्हणतात. आणि कराचीच्या खाड्यांमध्ये, सिंधू नदीच्या त्रिभुज प्रदेशात, सिंधी कोळी त्याला तिमर म्हणतात. तिवर आणि तिमर! मधली सरहद्द १९४७ ची आहे, झाड आणि त्याचं नाव तिच्याहून कितीतरी जुनं. भाद्रपदाच्या सुमारास त्याच्या बिया पिकतात. वालाच्या दाण्याहून थोडी मोठी, फिकट हिरवी, किंचित लव असलेली बी. खाऱ्या पाण्यात पडली की तिचं पातळ साल सुटून येतं आणि आतली दोन जाड दलं उघडतात. ती झाडावर असतानाच अंकुरलेली असते. पाण्यावर तरंगत ती जाते आणि चिखल लागला की मूळ धरते. तिच्याकडे पासपोर्ट कोण मागणार?

ही झाडं करतात काय? त्यांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. लाट त्या मुळांमध्ये आणि खोडांमध्ये शिरली की तिचा जोर मोडतो. शंभर मीटर रुंद कांदळवनातून जाताना लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते, असं मोजमापांवरून दिसलं आहे. झाडी किती दाट, पाणी किती खोल, यावर आकडा ठरतो. वादळाबरोबर येणारं समुद्राचं उधाण मात्र एवढ्याशा पट्ट्याने थांबत नाही, त्याला किलोमीटरच्या हिशेबात जंगल लागतं. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात अभ्यास झाला. ज्या गावांसमोर कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता, तिथे माणसं कमी दगावली होती. भिंत बांधली तर ती पहिल्या दिवसापासून झिजायला लागते. कांदळवन चिखल अडवून धरतं आणि समुद्राबरोबर स्वतःही हळूहळू वर चढू शकतं, मात्र नदीतून गाळ येत राहिला पाहिजे. धरणांनी तो गाळ वरच अडवला की हे गणित बिघडतं, आणि यावर आपण फार कमी बोलतो.

आता सरहद्दीपलीकडच्या सहकार्याकडे येतो. आपल्याच भागातली गोष्ट आहे. २००१ नंतर काही वर्षं इंडिया-कॅनडा एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटीच्या पैशातून गुजरातच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांच्या हातून कांदळवनाची लागवड झाली. गुजरात इकॉलॉजी कमिशनने ते काम चालवलं. ओटावा कुठे आणि जंबुसरच्या खाड्या कुठे! त्यातून आपण एक महत्त्वाची गोष्ट शिकलो, ती म्हणजे गाव नसेल तर झाड टिकत नाही. पाला जनावरांना लागतो आणि सरपण चुलीला लागतं. कोणती गाय कुठे चरते हे गावातली बाई सांगू शकते, उपग्रहाला ते सांगता येत नाही. आज गुजरातमध्ये अकराशे चौरस किलोमीटरहून जास्त कांदळवन आहे आणि पश्चिम बंगालनंतर देशात आपला दुसरा नंबर लागतो. त्यामागे अशी बरीच वर्षं आहेत.

पण माझ्या हातून झालेली एक चूकही आज सांगायची आहे. तरुणपणी मी एका गटाबरोबर एका खाडीच्या तोंडाशी लागवड केली. फोटो निघाले, आकडा छापून आला. पुढच्या वर्षी मी एकटाच गेलो, तर ओळीच्या ओळी रिकाम्या. जी रोपं उभी होती त्यांच्या खोडांवर बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या समुद्री जीवाचे पांढरे कवच इतके चिकटले होते की ती ओझ्याने वाकली होती. आम्ही फार खाली लावली होती. तिथे रोज जितके तास पाणी राहत होतं, तितके तास तिवर श्वास रोखून धरू शकत नाही. जागा सोयीची होती, मोकळी होती, कुणाची हरकत नव्हती, म्हणून आम्ही ती निवडली. त्या मोकळेपणाचं कारण आम्ही विचारलंच नव्हतं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही.

मग श्रीलंकेचा अभ्यास वाचनात आला. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे जगभरातून पैसा आला आणि साधारण हजार-बाराशे हेक्टरवर कांदळवन लावलं गेलं. नंतर संशोधकांनी २३ जागा पाहिल्या. नऊ जागी एकही रोप जिवंत नव्हतं. एकंदर यश जेमतेम २०० ते २२० हेक्टरवर. कारणं तीच: चुकीची उंची, चुकीची जात, गुरांची चराई, लागवडीनंतर कुणी फिरकलं नाही. ते वाचताना मला रडू आलं. आमची चूक आम्ही वेळेवर लिहून ठेवली असती, आणि अशा प्रत्येक गटाने आपापली लिहिली असती, तर तिकडच्या काही रोपांचा तरी जीव वाचला असता. म्हणून देशादेशांमध्ये पैशाइतकीच अपयशाची देवाणघेवाण व्हायला हवी, हे माझं आजचं सांगणं आहे.

हे कसं होतं ते बघायचं तर जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, सेमारांग शहराशेजारच्या देमाकला जावं लागेल. तिथे लोकांनी कोळंबीच्या तळ्यांसाठी कांदळवन तोडलं. मग समुद्र आत शिरू लागला, काही ठिकाणी किलोमीटरहून जास्त. तळी गेली, रस्ते गेले, काही वस्त्यांना घराची जमीन लाकडी फळ्यांनी पुन्हा पुन्हा उचलावी लागली. बांध घातले तर लाटा त्यांच्या पायथ्याशी आपटून अजून चिखल उकरून नेत होत्या. २०१५ पासून डच आणि इंडोनेशियन लोकांनी मिळून वेगळा मार्ग धरला. नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर शेतकरी पूर्वापार काटक्यांची कुंपणं घालून गाळ धरत आले आहेत. तीच युक्ती इथे बांबूत उतरवली. चिखलात बांबूच्या दोन ओळी ठोकायच्या आणि मधे काटक्या-कुटक्या भरायच्या. पाणी आरपार जातं, पण त्याचा आवेश मागे राहतो. कुंपणाच्या आत पाणी शांत झालं की गाळ खाली बसतो, दर भरतीला थोडा थोडा. चिखल पुरेसा वर आला की बिया आपसूक येतात. लागवड करावी लागत नाही. मला यातलं सगळ्यात जास्त भावलं ते हेच, की आधी झाडासाठी जागा तयार करायची आणि झाडाला स्वतः येऊ द्यायचं.

पुढे काय झालं? लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी बांबू खाल्ले, तेव्हा खांबांचं साहित्य बदलून पाहिलं. त्याहून मोठी अडचण जमिनीखाली होती. शहर आणि कारखाने भूजल उपसतात, त्यामुळे त्या पट्ट्यात जमीनच खचते आहे, आणि काही ठिकाणी ती इतक्या वेगाने खचते की गाळाला तिचा पाठलाग करणं जमत नाही. कुंपणं बरोबर होती, पण बोअरवेल थांबल्या नाहीत. हे त्या मंडळींनी आपल्या अहवालांत उघडपणे मांडलं. जगात कुठल्याही खचणाऱ्या किनाऱ्यावर उद्या कुणी बांबू ठोकायला निघालं, तर आधी भूजलाचं विचारा, हे त्यांनी आपल्याला फुकट शिकवलं आहे.

सेमारांगचं नाव आपल्याशी आणखी एका धाग्याने जोडलेलं आहे. रॉकफेलर फाउंडेशनने २००८ च्या सुमारास, हवामानबदलाला तोंड देण्यासाठी, आशियातल्या शहरांचं एक जाळं सुरू केलं. त्यात सेमारांग होतं, व्हिएतनामचं क्वी न्योन होतं, आणि आपलं सुरत आणि इंदूरही होतं. सुरतला २००६ चा पूर ताजा होता. उकाई धरणातून पाणी कधी आणि किती सुटणार याची शहराला वेळेवर खबर मिळावी, ही व्यवस्था त्या कामातून उभी राहिली. क्वी न्योनने खाडीच्या कडेला पुन्हा कांदळवन आणलं. महापालिकेतला अभियंता परदेशातल्या दुसऱ्या अभियंत्याशी बोलतो तेव्हा झेंडे बाजूला राहतात आणि गटाराच्या व्यासावर चर्चा होते. असं बोलणं मला फार मोलाचं वाटतं.

कोलंबोचं एवढंच सांगतो की २०१० च्या पुरात तिथलं संसद भवन पाण्याने वेढलं गेलं, आणि नंतर शहराने आपल्या दलदलींना पाण्याची कोठारं म्हणून जपायला घेतलं. २०१८ मध्ये कोलंबोला रामसर कराराखाली, म्हणजे पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, पाणथळ शहराचा दर्जा मिळाला. २०२५ मध्ये तोच दर्जा इंदूर आणि उदयपूरला मिळाला. आपल्याकडे विश्वामित्रीच्या काठच्या कोतरांमध्ये, म्हणजे घळींमध्ये, आणि जुन्या तळ्यांमध्ये किती भर पडली, हे तुम्ही रोज येता-जाता बघता.

सरहद्द जिथे अगदी झाडांच्या मधूनच जाते तिथलं काय? सुंदरबन साधारण दहा हजार चौरस किलोमीटर, त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास बांगलादेशात. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ढाक्यात दोन्ही देशांनी सुंदरबनाच्या संवर्धनासाठी समझोता केला. चांगली गोष्ट. पण राजकारणाचा वारा फिरला की अशा कागदांवर धूळ बसते आणि वादळ त्याची वाट बघत थांबत नाही. सिंधूच्या मुखाशी आणि कच्छच्या खाड्यांमध्ये तर आज एकत्र काम करण्याची कल्पनाही अवघड आहे. तरी तिकडच्या तिमरचं निरीक्षण छापलं गेलं तर आपण ते वाचू शकतो, आपलं ते वाचू शकतात. तेवढं तरी बंद पडू नये.

या गावाला बाहेरून शिकण्याची सवय आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला बागांसाठी आणलं, १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणलं. बॉर्डन काही वर्षांत परत गेले, पण खेड्याखेड्यातली वाचनालयं राहिली, कारण ती चालवणारी माणसं इथली होती. मला किनाऱ्यासाठी तसंच हवं आहे.

म्हणून एक छोटं काम सुरू केलं आहे. ढाढरच्या मुखाकडच्या दोन गावांतल्या मुलांनी चिखलात खुणा केलेल्या काठ्या रोवल्या आहेत. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, मोठ्या भरतीनंतर, चिखल किती बोटं चढला किंवा उतरला ते वहीत लिहायचं. रोप मेलं तर तेही लिहायचं, कारणासकट. इंग्रजी भाषांतर करून आम्ही ते जावातल्या आणि श्रीलंकेतल्या ओळखीच्या लोकांना पाठवतो, त्यांचं आम्हाला येतं. गेल्या पावसाळ्यात एक काठी वाहून गेली. मुलांनी ती दोन कोस खाली शोधून काढली आणि वहीत तारखेसह नोंद केली. भाषांतराला माणसं कमी पडतात. गुजराती वाचता येणारं आणि इंग्रजी नीट लिहिणारं कुणी असेल, तर कार्यक्रम झाल्यावर मला दाराशी भेटा. वही मी बरोबर आणली आहे.