गोन्सालोला ‘तू’ म्हणताना

(मुंबईतल्या एका पॅरिशच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘संतांशी मैत्री : ख्रिस्तसभेची शिकवण आणि रोजचं जगणं’. शिकवणीकडे मी येणारच आहे, फादर, काळजी नसावी. पण सुरुवात व्याकरणापासून करते. आयुष्यभर न्यायालयात दुभाषी म्हणून काम केलं. कुणी बोलायला लागलं की माझं लक्ष आधी क्रियापदाकडे जातं.

लितानीत, म्हणजे संतांची एकेक नावं घेऊन करायच्या प्रार्थनेत, आपण काय म्हणतो? ‘आम्हांसाठी विनंती कर.’ ‘करा’ नाही, ‘कर’. पेत्र, पौल, अंतोनी, सगळ्यांना एकजात ‘तू’. आता मराठीत ‘तू’ कुणाला म्हणायचं? आईला, देवाला, जिवाच्या मैत्रिणीला. साहेबाला कुणी म्हणून दाखवा! (हशा) मग ओठांवर ‘तू’ असताना मनात आपण अर्ज का लिहितो? ‘मुलाला नोकरी लागावी, मुलीचं जमावं, आपला विश्वासू.’ नोकरी लागली की पाच मेणबत्त्या, नाही लागली की दुसरा संत. हे मला फार वर्षं सलतंय. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेसाठी लोटणारी गर्दी मी लहानपणापासून पाहिली आहे, त्या गर्दीत उभी राहून रडलेही आहे. मागण्याला माझी हरकत नाही. मैत्रीत मागतोच की आपण. पण जिच्याकडे फक्त मागायलाच जातो, तिला मैत्रीण म्हणत नाहीत.

माझ्या आजीला, आम्ही तिला बय म्हणायचो, हे कुणी शिकवलं नव्हतं. घरात किल्ली हरवली की ती अंतोनीच्या पुतळ्याचं तोंड भिंतीकडे करायची. ‘आता बघ भिंत!’ किल्ली सापडली की पुतळा सरळ करून पदराने त्याचं तोंड पुसायची आणि म्हणायची, ‘रागावलास का रे?’ फादर हसताहेत, पण हे ‘रागावलास का रे’ लक्षात ठेवा. हा संत 13 जून 1231 रोजी पादुआजवळ वारला आणि वर्षाच्या आत संत म्हणून जाहीरही झाला. त्याचं हरवलेलं स्तोत्रांचं पुस्तक परत मिळालं म्हणून लोक त्याच्याकडे हरवलेल्या वस्तू मागतात. बयला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाईट वाटू शकतं, एवढं मात्र तिला ठाऊक होतं.

आता माझ्या मित्राकडे येते. गोन्सालो गार्सिया. मी वसईची, त्यामुळे नाव बाळपणापासून कानावर. पण माझ्यासाठी तो फक्त एक चित्र होता : क्रूस, दोन्ही बाजूंनी भाले, वर पाहणारे डोळे. अशा चित्राशी काय बोलणार? पुढे नोकरीला लागल्यावर कुठेतरी वाचलं की हा दुभाषी होता, आणि मी पुस्तक मिटून बसून राहिले. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला. येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मसंघात, जायचं होतं, तिथे घेतलं नाही. व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाला. 1593 मध्ये त्याच संघातले फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला गेले तेव्हा त्यांचा दुभाषी म्हणून परत तिथेच. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर, ज्याच्या एका शब्दावर माणसाचं डोकं राहायचं किंवा जायचं त्याच्यासमोर, हा वसईचा माणूस दोन भाषांच्या मधे उभा होता.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज आले.

नोकरीतली सुरुवातीची वर्षं. मुंबईतलंच एक न्यायालय, नाव नको. साक्षीला एक तरुण बाई, सासरच्या छळाचं प्रकरण. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. ती म्हणाली, ‘सासू मला रोज बोलायची.’ मी इंग्रजीत सांगितलं, ‘सासू तिच्याशी रोज बोलत असे.’ टाइप झालं. तुमच्यातल्या बायकांना कळलं, बघा, चेहरे बदलले! उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तेच वाक्य उचललं : सासू तुमच्याशी रोज बोलत होती, हे खरं ना? तो प्रश्न मराठीत तिच्यापर्यंत नेणारी मीच. मी विचारलं, ‘सासू रोज बोलायची ना?’ ती म्हणाली, ‘हो, रोज. सकाळ-संध्याकाळ.’ तेही टाइप झालं. तिला वाटलं, आपण दुःख सांगतोय. कागदावर सासूचा जिव्हाळा उतरत होता. दोन्ही वेळा पूल मी होते आणि दोन्ही वेळा तो माझ्याच हातून मोडला.

त्या क्षणी मला कळलंही नाही. कळलं संध्याकाळी विरार लोकलमध्ये. आमच्या डब्यात एक मैत्रीण मटार सोलत होती. सहज म्हणाली, ‘आज साहेब मला खूप बोलले गं.’ माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

भाईंदर गेलं, गाडी खाडीपुलावर आली. लोक खिडकीतून निर्माल्य टाकत होते. मी पाण्याकडे बघत मनात म्हटलं, ‘गोन्सालो, तुझ्याकडून असं कधी झालं होतं का?’ आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला काही विचारत होते. तोवर नुसतंच मागत आले होते. उत्तर ऐकू आलं नाही, उगाच सांगणार नाही. पण त्या पुलावर मी एकटी नव्हते, हे शपथेवर सांगते. त्याच धंद्यातला माणूस शेजारी बसला होता. चुकलेल्या शब्दाने पोटात कसा गोळा येतो ते त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी न्यायालय बसताच मी उभी राहिले. पाय लटपटत होते. म्हटलं, कालच्या जबानीत माझ्या भाषांतराची चूक आहे, ‘बोलायची’ म्हणजे टाकून बोलायची, दुरुस्तीची परवानगी असावी. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बाईला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं आणि माझ्याकरवी विचारलं, ‘काय बोलायची?’ मग तिने सांगितलं काय काय बोलायची ते. सगळं. मी एकेक शब्द नेला. निकाल काय लागला ते इथे सांगत नाही, ते तिचं आयुष्य आहे.

फादर घड्याळ दाखवताहेत. सव्वासातला मिस्सा आहे, म्हणजे पत्रिकेत छापलेल्या विषयाला पाच मिनिटं. पटपट सांगते.

शिकवण अशी. आराधना फक्त देवाची. संतांना मान आणि प्रेम. हा फरक 787 साली नायसियाच्या दुसऱ्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या सभेत, प्रतिमांना मान द्यावा की नाही या वादात स्पष्ट झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात म्हटलं की संतांकडून आपल्याला तीन गोष्टी मिळतात : जगण्याचा आदर्श, सहवास आणि मध्यस्थी. आपण तिसरीवरच थांबलोय. माझं सगळं भांडण त्या मधल्या सहवासासाठी आहे. श्रद्धांगीकारात, आपला विश्वास जाहीर करायच्या प्रार्थनेत, आपण ‘संतसमागम’ म्हणतो. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या आपल्या शेजाऱ्याला तो शब्द आपल्याआधी कळेल.

दुसरं, संतांनाही संत मित्र लागतात. लिझ्यूची तेरेजा 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिचा जीव जडला होता तेओफान वेनार या तरुण फ्रेंच मिशनऱ्यावर. तिच्या जन्माआधीच, 1861 मध्ये, व्हिएतनाममध्ये त्याचा शिरच्छेद झाला होता. तो तिला का आवडायचा? साधा होता, हसरा होता, घरच्यांवर माया करायचा. पराक्रम बघून नाही, स्वभाव जुळला म्हणून. तेव्हा आपला मित्र शोधताना कोण लवकर पावतो ते विचारू नका. आपल्यासारखं काम कुणी केलं, आपल्यासारखा नकार कुणी पचवला, ते बघा.

तिसरं, मित्राचा शेवट टाळू नका. क्योतोपासून नागासाकीपर्यंत भर थंडीत गोन्सालोला आणि त्याच्या सोबत्यांना चालवत नेलं, कान कापून. 5 फेब्रुवारी 1597 ला सव्वीस जण क्रूसावर गेले, त्यांत मुलंही होती. 8 जून 1862 ला त्यांना संत म्हणून जाहीर केलं. म्हणजे माझा मित्र भारतात जन्मलेला पहिला संत. ते मी मुद्दाम शेवटी सांगितलं, कारण मैत्री त्यावरून झाली नाही.

आणि रोज काय करायचं, असं पत्रिका करणाऱ्या ताईंनी विचारलं होतं. मी काय करते तेवढं सांगते. वर्षभरात ज्या शब्दाने मला छळलं, तो फेब्रुवारीत वसईच्या किल्ल्यातल्या त्याच्या चर्चमध्ये जाऊन त्याला सांगते. निवृत्त झाले तरी जाते. यंदा नेला होता ‘लळा’. इंग्रजीत कुठेच बसेना. तिथून निघताना त्याला विचारलं, जपानीत आहे का रे?