बस तराफ्यावर, माणसं लाँचमध्ये

[दृश्य : बोलिव्हियातला तिकिनाचा धक्का. प्रवासी बसमधून उतरताना.]

ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवतो. सामान राहू द्या, माणसं उतरा. समोर टिटिकाका सरोवर, समुद्रसपाटीपासून 3,812 मीटरवर. इथे ते इतकं अरुंद होतं की पलीकडचं गाव जेमतेम 800 मीटरवर दिसतं. अलीकडे सान पेद्रो, पलीकडे सान पाब्लो. पेरूहून कोपाकबानामार्गे बोलिव्हियातल्या ला पाझ शहराला निघालेल्या बसला हे पाणी ओलांडावंच लागतं. पूल नाही.

पेरूची हद्द कसानीलाच संपली. तिथे पेरूचा शिक्का, मग दगडी कमानीखालून चालत बोलिव्हियाचा शिक्का, आणि घड्याळ एक तास पुढे.

[दृश्य : बस तराफ्यावर चढताना, जवळून.]

आता चाकांकडे बघा. तराफा लाकडी, सपाट, कठडा नावापुरता. नावाडी हातानं खुणा करतो, ड्रायव्हर इंचाइंचानं पुढे घेतो. पुढची चाकं चढली की तराफा त्या बाजूला दबतो. मागची चढली की सावरतो. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसतंय. एक जण लांब काठीनं काठ रेटतो, दुसरा मागचं मोटर-इंजिन सुरू करतो आणि सबंध बस डोलत निघते. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी आणि माणसं एकत्रच जातात. इथे माणसं वेगळ्या लाँचमधून जातात आणि आपली बस शेजारून तरंगत जाताना बघतात. फोन बाहेर काढत नाही असा प्रवासी विरळाच.

[दृश्य : पांढऱ्या गणवेशातले नौसैनिक.]

हो, हे नौदल बोलिव्हियाचंच. 1879 साली सुरू झालेल्या युद्धात देशाचा समुद्रकिनारा चिलीकडे गेला, तो परत मिळाला नाही. नौदलाचा तळ आहे तो या सरोवराकाठी.

[दृश्य : सरोवराकाठच्या, पेरूतल्या पुनोचा किनारा, 'यावारी' जहाज.]

हे पाणी ओलांडण्याची खटपट जुनी आहे. 'यावारी' हे लोखंडी जहाज लंडनला थेम्स नदीकाठी बांधलं, पेरूच्या सरकारसाठी. बांधून झालं आणि पुन्हा सुटं केलं. हे आणि त्याचं जोडीचं 'यापुरा', दोन्ही मिळून 2,766 तुकडे. प्रत्येक तुकडा एका खेचराला झेपेल एवढाच. 1862 साली माल आरिका बंदराला लागला, तिथून ताक्नापर्यंत रेल्वेनं, आणि पुढे अँडीज चढून खेचरांच्या पाठीवर. काम रखडलं, तुकडे वाटेत पडून राहिले. अखेर 25 डिसेंबर 1870 ला 'यावारी' पाण्यात उतरलं. कोळसा इथे मिळेना, म्हणून बॉयलरमध्ये जाळल्या लामा या उंटासारख्या जनावराच्या वाळलेल्या लेंड्या! पुढे पुनोहून आगबोटीनं बोलिव्हियाच्या काठावरचं ग्वाकी बंदर आणि ग्वाकीहून आगगाडीनं ला पाझ, असा सलग रस्ता झाला. आज त्या मार्गानं प्रवाशांना जाता येत नाही. रूळ होते, बंदर होतं, जहाजं होती. हे सगळं सोडून दिलं याचं वाईट वाटतं.

[दृश्य : तराफ्यांची रांग, नावाडी.]

तिकिनाला पूल बांधायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, आणि नावाड्यांचा विरोधही. त्यांची घरं या तराफ्यांवर चालतात. जोराचा वारा सुटला की ये-जा थांबते आणि काठावरचा रुग्णही थांबतो, हेही आहेच. पण पूल झाल्यावर या माणसांनी करायचं काय, याचं उत्तर आराखड्यात नसतं.

[दृश्य : पलीकडचा धक्का, बस पुन्हा रस्त्यावर.]

पाणी नको असेल तर देसाग्वादेरोचा रस्ता आहे, तिथे सीमेवर पूल आहे. विमानानं येणारे ला पाझजवळच्या, 4,000 मीटरहून उंच एल आल्तो विमानतळावर उतरतात आणि बऱ्याच जणांचं डोकं पहिल्या रात्री ठणकतं. सरोवरामार्गे आलेल्यांचं शरीर तोवर उंचीला थोडं सरावलेलं असतं. मुंबईहून थेट विमान नाहीच; युरोपातून किंवा साओ पावलोवरून बदलत यावं लागतं. भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागतात, आणि ती लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची असते.

आणि लाँचचं तिकीट बसच्या भाड्यात धरलेलं नसतं. कोपाकबानातच थोडे सुटे बोलिव्हियानो करून घ्या, धक्क्यावर मोठी नोट कुणी घेत नाही.