भरलेली वाटी

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एका पेट शॉपमध्ये दीड वर्ष कामाला होते. दुकानाचं नाव विचारू नका, शेठ माणूस काही वाईट नव्हता. लोक मला पहिला प्रश्न हाच विचारतात की प्राण्यांना मारतात का गं तिकडे? तर नाही, दीड वर्षात कोणी हात उगारलेला मी बघितला नाही. हाल होतात ते वेगळ्याच तऱ्हेने.

आता बजरीगारचं बघा, म्हणजे दुकानात येणारे ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात तो छोटा हिरवा-पिवळा पक्षी. तो दाणा सोलून खातो आणि टरफल परत वाटीतच टाकतो, त्यामुळे आतला दाणा संपला तरी वाटी वरून अगदी काठोकाठ भरलेली दिसते. नवीन पोरगं येतं, वाटी बघतं, म्हणतं आहे की, आणि पुढे जातं. पक्षी बिचारा भरल्या ताटावर उपाशी. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, एक दिवस सहज वाटीत फुंकर मारली तर सगळा भुसा तोंडावर उडाला आणि तळाला चार दाणे.

सगळं असंच, वरून ठीकठाक. रात्री साडेनऊला शटर खाली, सकाळी दहाला वर, मधले साडेबारा तास तिथे माणूस नाही, आणि एसीचं बिल परवडत नाही म्हणून मे महिन्यातसुद्धा बंद. सकाळी शटर अर्धं वर केलं की आधी वास यायचा, मग मी पहिली सशांकडे धावायचे, कारण सशाला उकाडा अजिबात सोसत नाही आणि तो ओरडतही नाही. लाईट गेली की माशांचा पंप बंद, गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडझाप करत बसायचे. मग आम्ही मगाने पाणी उपसून उंचावरून परत टाकीत ओतायचो, तेवढीच हवा. फायटर मासा तेवढा वरची हवा घेऊन तगतो, म्हणून तर त्याला प्लास्टिकच्या ग्लासात विकायला ठेवतात, तगतो म्हणजे मजेत आहे असं थोडीच!

पिल्लांचं मात्र मला अजून सलतं. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू विकता येत नाही, दुकानाची नोंदणीही लागते. पण खोक्यातून यायची ती नीट चालतही नव्हती, आणि आम्हाला सांगितलेलं, कोणी विचारलं तर दोन महिने सांगायचं. मी सांगायचे. एकदा पार्व्हो लागला, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार, एका आठवड्यात तीन गेली, पिंजरा फिनाईलने पुसला आणि नवीन पिल्लं त्याच पिंजऱ्यात. पार्व्हो फिनाईलने जात नाही, ब्लीच लागतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. त्या महिन्यात मी काम सोडलं.

येताना पंख तुटलेला एक बजरीगार मागून घेतला, तसाही तो कोणी घेणार नव्हतं. रोज सकाळी मी त्याच्या वाटीत फुंकर मारते, भुसा ओट्यावर पसरतो आणि आई ओरडते, अगं भरलेली तर होती वाटी!