आठ गेली, अठ्ठ्याहत्तर आली

[दृश्य : ठाणे, नौपाडा. छोट्या शस्त्रक्रियागृहाबाहेरचे टेबल. रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली.]

बाटलीच्या तळाशी शेवयांसारखे दिसणारे हे चार तुकडे. जाडी जेमतेम एक-दीड मिलिमीटर, लांबी दीड-दोन सेंटिमीटर. गुडघ्यामागच्या गाठीतून १४ गेजच्या कोअर सुईने काढलेले. नातेवाईक याला ‘तुकडा तपासणी’ म्हणतात. संशय आहे सायनोव्हिअल सार्कोमाचा, म्हणजे मऊ ऊतींच्या एका कर्करोगाचा.

नाव फसवे आहे. सायनोव्हिअम म्हणजे सांध्याचे आतले अस्तर. ही गाठ बहुतेक वेळा हातापायांत, सांध्याच्या आसपास येते, म्हणून जुन्या डॉक्टरांनी तिचे गोत्र त्या अस्तराशी जोडून टाकले. प्रत्यक्षात अस्तराशी तिचे नाते नाही. ती मानेत निघते, फुप्फुसात निघते, पोटाच्या भिंतीतही निघते. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. मऊ ऊतींच्या सार्कोमांमध्ये शंभरातल्या पाच ते दहा गाठी या जातीच्या, आणि त्या बहुधा तरुणांना गाठतात.

बऱ्याचदा ती लहान असते, दुखते, हळू वाढते. माणूस दोन-दोन वर्षे अंगावर काढतो. मग कुणीतरी ‘चरबीची गाठ’ किंवा ‘गँगलियन’ (सांध्याजवळची द्रवाची साधी गाठ) समजून आडवा छेद घेऊन ती काढून टाकतो, आणि रिपोर्ट हातात आल्यावर धावपळ सुरू होते. तोवर पेशी जखमेभर पसरलेल्या असतात. म्हणून क्रम पक्का : आधी एमआरआय, मग सुई, त्यानंतर शस्त्रक्रिया. सुई कुठून घालायची हे पुढे गाठ काढणाऱ्या सर्जनलाच विचारायचे, कारण सुईची वाट नंतर गाठीसोबत कापून काढावी लागते.

[दृश्य : बाटलीत फॉर्मलिन. परिचारिका लेबल लिहिते आहे.]

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त हयगय होणारी पायरी ही. तुकडा टिकवणारा द्रव हवा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, म्हणजे आम्लता रोखणारा बफर घातलेले, आणि तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट. बफर नसलेले फॉर्मलिन पडून पडून आम्ल होते आणि आम्ल डीएनए-आरएनएची पूड करते. घाईत कुणी सलाइनची बाटली पुढे केली, तर पेशी स्वतःच्याच विकरांनी कुजू लागतात. मुरण्याचा वेळ ६ ते ७२ तास. त्याहून कमी झाला तर तुकडा आतून कच्चा राहतो, जास्त झाला तर रेणू एकमेकांना इतके बांधले जातात की पुढच्या चाचण्यांना सुटे मिळत नाहीत. शनिवार-रविवारला गणपतीची सुट्टी जोडून आली की हे ७२ तास कधी उलटले ते कळतही नाही. म्हणून लेबलवर नावाबरोबर तुकडा टाकल्याची वेळ लिहायची. आणि लेबल बाटलीवर लावायचे, झाकणावर कधीच नाही. झाकणे बदलतात.

[दृश्य : ठाणे-बेलापूर रस्ता. कुरिअरची दुचाकी. महापे, तुर्भे, पुढे खारघरच्या टेकड्या.]

तुकडा लॅबकडे निघाला आहे. तेवढ्यात त्याच्या पेशींमध्ये नेमके काय बिघडले ते पाहू.

माणसाच्या १८व्या गुणसूत्रावर एसएस१८ हे जनुक आहे. एक्स गुणसूत्रावर एसएसएक्स जनुकांचा घोळका आहे. या गाठीत दोन्ही गुणसूत्रे तुटतात आणि भलत्याच टोकांना सांधली जातात. त्यातून तयार झालेले जोडजनुक १९९४ मध्ये सापडले. त्याचे प्रथिन पाहिले, तर फरक किरकोळ वाटतो. एसएस१८च्या शेपटाची शेवटची आठ अमिनो आम्ले गेली, त्या जागी एसएसएक्सच्या शेपटाची ७८ आली. सुमारे दोन-तृतीयांश गाठींत जोडीदार एसएसएक्स१ असतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांत एसएसएक्स२. बाकी जीनोम कर्करोगाच्या मानाने चक्क शांत. म्हणजे दोष जवळपास सगळा या एका जोडावर येतो.

एवढ्याशा शेपटाने काय होते? एसएस१८ एकटा काम करत नाही. बाफ नावाच्या, दहा-पंधरा प्रथिनांच्या टोळीचा तो गडी. डीएनए रिळांवर गुंडाळलेला असतो. बाफ ती रिळे सरकवते आणि जनुक वाचायला मोकळे करते. उलट बाजूला पॉलिकॉम्ब नावाची प्रथिने आहेत, नको असलेली जनुके बंद ठेवणारी. पालिकेने गाळ्याला सील ठोकावे, तसे ती रिळावर रासायनिक सील लावतात : एच२ए या हिस्टोनच्या, म्हणजे रिळाच्या प्रथिनाच्या, ११९व्या अमिनो आम्लावर (लायसिनवर) युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा एक रेणू. एसएसएक्स हे प्रथिन एरवी फक्त वृषणातल्या पेशींत बनते, आणि त्याच्या शेपटाची खोड अशी की ते नेमके या सीललाच चिकटते.

आता टोळीतल्या गड्यालाच हे शेपूट लागले. शटर उचलणारी माणसे सरळ सील ठोकलेल्या गाळ्यांवर जाऊन उभी राहिली. गर्भावस्थेनंतर बंद राहायला हवीत अशी जनुके, उदाहरणार्थ सॉक्स२, धडाधड उघडतात. पेशी वाढत राहते, पण धड कुठल्याच प्रकारची होत नाही.

दुसरा घाव टोळीच्या आत. सिगॉल केडॉक आणि जेराल्ड क्रॅबट्री यांनी २०१३ मध्ये दाखवले की हे जोडप्रथिन टोळीत शिरले की साधा एसएस१८ बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर बाफ४७ नावाचे प्रथिनही. बाहेर पडलेल्या बाफ४७ला पेशी मोडून टाकते. गंमत पुढे आहे : प्रयोगात जोडप्रथिन कमी केले, की बाफ४७ परत टोळीत येऊन बसते. त्याचे जनुक मुळात शाबूतच असते.

[दृश्य : लॅब. मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप घेणारे यंत्र. मेणाची पातळ पट्टी कोमट पाण्यावर तरंगते.]

तुकडे अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून मेणात बसवले की ब्लॉक तयार. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप. पहिली स्लाइड गुलाबी-जांभळ्या रंगाची. कधी नुसत्या निमुळत्या पेशींच्या दाट ओळी दिसतात, कधी त्यांच्यात ग्रंथींसारखी वर्तुळे. वर्तुळे दिसली तर निदान सोपे. नुसत्या ओळी असल्या, तर अशाच दिसणाऱ्या पाच-सहा गाठी रांगेत उभ्या राहतात.

मग प्रतिपिंडांचे रंग. टीएलई१ केंद्रकात गडद उठते, पण ते इतर गाठींतही उठते. एकट्या त्यावर सही करणे धोक्याचे. बाफ४७, ज्याला लॅबमध्ये सगळे आयएनआय-वन म्हणतात, ते पूर्ण गायब न होता फिके पडते. फिके आणि गायब यांतला फरक ओळखायला शेजारच्या रक्तवाहिनीच्या पेशी पाहायच्या. त्या निरोगी, त्यांचा रंग पूर्ण असायलाच हवा. त्याही फिक्या असतील तर चूक रंगवण्यात आहे, गाठीत नाही. २०२० पासून थेट एसएस१८-एसएसएक्सच्या जोडावर बसणारे प्रतिपिंड मिळते. शंभरातल्या सुमारे ९५ गाठी ते पकडते, आणि इतर गाठींना सहसा हात लावत नाही. फिश या पुढच्या चाचणीपेक्षा हे काम स्वस्त, आणि निकाल त्याच दिवशी.

[दृश्य : अंधारी खोली. निळी केंद्रके, लाल-हिरवे ठिपके.]

फिश म्हणजे जनुकाच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा लावणे. जनुक अखंड असेल तर दोन्ही दिवे चिकटून पिवळसर दिसतात. तुटले असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. आधी पेप्सिनने पेशी पचवावी लागते. कमी पचली तर सगळे धूसर, जास्त पचली तर केंद्रकांची नुसती भुते उरतात. मग रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी शंभर केंद्रके मोजायची, एकमेकांवर न चढलेली. काप पातळ असल्याने काही केंद्रके अर्धी कापलेली असतात आणि त्यांतला एखादा दिवा हरवतो, म्हणून दोन-चार केंद्रकांवर निकाल देत नाहीत. आणि फिश सांगते फक्त एसएस१८ तुटला एवढेच. जोडीदार कोण, ते आरएनए तपासून कळते. पण मेणातल्या आरएनएचे आधीच तुकडे झालेले असतात, म्हणून पीसीआरला, म्हणजे ठरावीक पट्ट्याच्या प्रती काढणाऱ्या चाचणीला, शंभरेक अक्षरांचा आखूड पट्टाच मागायचा. पाचशे अक्षरांचा मागितला तर उत्तर ‘नाही’ येईल, आणि ते खोटे असेल.

[दृश्य : खारघर. अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राचा परिसर, खानोलकर शोधिका.]

१९५२ मध्ये परळला सुरू झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये इथे आली. तिचे पहिले संचालक वसंत रामजी खानोलकर पॅथॉलॉजिस्ट होते. तुकडा वाचणाऱ्यांपैकीच एक.

उपचाराचा कणा अजून जुनाच आहे : शस्त्रक्रिया, रेडिएशन, आयफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन. जोडप्रथिनाला थेट गाठणारे औषध अजून बाजारात नाही. टोळीतल्या बीआरडी९ या गड्याला मोडणारे एक औषध माणसांपर्यंत पोहोचले, पण हृदयाची लय बिघडू लागल्याने २०२३ मध्ये अमेरिकेत त्याच्या चाचणीवर निर्बंध आले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथेच या कर्करोगासाठी पहिली टी-पेशींची उपचारपद्धती मंजूर झाली. ती जोडप्रथिनाला शोधत नाही. गाठीवरचे मेज-ए४ हे प्रथिन शोधते. त्यासाठी रुग्णाचा एचएलए-ए०२ हा पेशींच्या ओळखखुणेचा गट ठरावीक उपप्रकारांतलाच लागतो : ०१, ०२, ०३ किंवा ०६. आपल्याकडे बऱ्याच जणांत ११ हा उपप्रकार आढळतो, आणि तो त्या यादीत नाही.

[दृश्य : लॅबची खिडकी. छोट्या डबीत मेणाचा ब्लॉक.]

दुसऱ्या रुग्णालयात जाताना ब्लॉक मागून घ्यायचा, नुसत्या स्लाइड नाहीत. स्लाइडवरून फिश पुन्हा करता येईलच असे नाही. ब्लॉकवर कोरलेला नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर खिडकीवरच ताडून पाहायचा. डबी उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही. मेण मऊ पडते.